मोकळ्या प्लॉटवरची आग : कोण लावतं, तक्रार कशी लिहायची, पुन्हा लागू नये म्हणून काय

राखणदार · ११ जानेवारी २०२५, सकाळी ७:५०

डिसेंबर ते मार्च हा आपल्या शहरांत कचरा जाळायचा हंगाम. थंडी असते, पानगळ असते, आणि रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन वर गरम हवेचं झाकण बसतं, त्यामुळे धूर वर न जाता गल्लीतच लोळतो. पहाटे पाचला खिडकी उघडली की जो जळका वास येतो तो बहुतेकदा रात्री दहाला लावलेल्या ढिगाचा असतो. ढीग भडकून जळत नाही, धुमसतो.

"कचरा जाळतात, कारवाई करा" एवढंच लिहिलेली तक्रार का वाया जाते? पालिकेचा माणूस येतो तेव्हा राख गार झालेली असते. तो राखेचा फोटो काढतो आणि तक्रार 'निकाली' निघते. म्हणून आधी आग कुणाची हे ठरवावं लागतं. शहरात साधारण पाच तऱ्हेच्या आगी दिसतात. झाडलोट करणाऱ्यांनी पेटवलेला पाचोळा. सोसायटीच्या किंवा बांधकामाच्या रखवालदाराची शेकोटी. तारा-टायर जाळून धातू काढणारे. प्लॉटवर बसून पिणाऱ्यांनी सहज लावलेली. आणि जिथे गाडी पोचतच नाही तिथल्या घरांचा रोजचा कचरा. पाचांची वेळ वेगळी, वास वेगळा, राखही वेगळी. इलाजही अर्थात वेगळा.

ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी भर घालावी. "लोकांना शिस्तच नाही" हा प्रतिसाद कृपया नको, तो सगळ्यांना पाठ आहे.

कोठीवरचा · ११ जानेवारी, ९:१५

पाचोळ्यापासून सुरू करतो. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्येच दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. कचरा निर्माण करणाऱ्याने तो रस्त्यावर, उघड्यावर, नाल्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचाही नाही. आणि झाडणाऱ्यांनी रस्त्यावरची पानं जाळू नयेत, वेगळी साठवून गाडीकडे द्यावीत अशा सूचना स्थानिक संस्थेने द्यायच्या. म्हणजे सफाई कामगार पानं जाळत असेल तर चूक फक्त त्याची नाही. पानं न्यायची सोय न करणाऱ्या व्यवस्थेचीही आहे.

आता पानं का जळतात ते पाहा. घंटागाडीचा हिशेब वजनावर चालतो आणि पानाला वजन नसतं. छोटा हत्ती पानांनी शिगोशीग भरला तरी काट्यावर आकडा किरकोळ येतो. गाडीवाला पानं घेत नाही, मुकादम म्हणतो रस्ता साफ दिसला पाहिजे, मग बिटावरची बाई काडी लावते. तिला दंड करून हे थांबत नाही. मागणी अशी करावी : पानगळीच्या महिन्यांत आठवड्यातले दोन दिवस फक्त पानांसाठी गाडी, आणि कामगारांना गोणपाट. ही मागणी आरोग्य निरीक्षकाच्या पातळीवर सुटते, आयुक्तांपर्यंत जावं लागत नाही.

रोखठोक · ११ जानेवारी, १०:०२

नियम २०१६ चा, आपण २०२५ मध्ये. दंड किती आणि वसूल होतो का, तेवढं सांगा.

कलमबहाद्दर · ११ जानेवारी, ११:३०

राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ ला, कचऱ्याच्या प्रश्नावर याचिका करणाऱ्या अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात, देशभर उघड्यावर कचरा जाळण्यावर पूर्ण बंदी घातली. कचरा डेपोसुद्धा त्यात आले. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. वॉर्ड कार्यालयातले लोक मात्र बऱ्याचदा स्थानिक उपविधीतला जुना, किरकोळ दंड लावून मोकळे होतात. तक्रारीत आदेशाची तारीख घाला, रकमेवरचा वाद तिथेच मिटतो.

पोलिसांचं कलम हवं असेल तर नीट निवडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम २७८ आता २८० : हवा आरोग्याला अपायकारक करणं, दंड १,००० रुपयांपर्यंत, अदखलपात्र (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत). जुनं २८५ आता २८७ : आगीबाबत जीव धोक्यात येईल असा निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे दखलपात्र आहे. फरक कळला का? "धुराचा त्रास होतो" म्हटलंत की एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घरी पाठवतात. "डीपीपासून आठ फुटांवर आग आहे, बाजूला गॅसची टपरी आहे" हे खरं असेल तर तेच लिहा, कारण तिथे २८७ लागू शकतं. खोटं मात्र लिहू नका, जागेवर पाहणी होते.

राखणदार · ११ जानेवारी, १२:१०

कलमबहाद्दर, छान. प्लॉटचा मालक सापडत नसेल तर?

कलमबहाद्दर · ११ जानेवारी, १:४५

मालक नेहमी सापडतो. शहरात मिळकत पत्रिका, हद्दीलगतच्या गावात सातबारा, दोन्ही ऑनलाइन निघतात. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर बोट ठेवून मिळतो. मालकाचं नाव तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचं नाही, फक्त नंबर अर्जात घालायचा. मालकाला नोटीस काढणं हे पालिकेचं काम.

दोनतीन अर्जांनंतरही हलत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश प्रांताधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी काढतो. 'अमुक दिवसांत हटवा, नाहीतर हजर राहून कारण सांगा' असं त्याचं स्वरूप. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे मोबाईलमधले चाळीस धुराचे फोटो नव्हेत. धूर सगळीकडचा सारखाच दिसतो.

राखणदार · ११ जानेवारी, २:२०

पुराव्याचं मीच लिहितो. फोटो चार पुरतात. एक लांबून, ज्यात कायमची खूण दिसते : दुकानाची पाटी, पाण्याची टाकी. दुसरा विजेच्या खांबावरच्या क्रमांकाचा. तिसरा आगीचा. चौथा दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात, राखेचा, अगदी जवळून. तारीख-वेळ-ठिकाण छापणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा आणि मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली नको, तिच्यातली माहिती गळते.

चौथा फोटो लोक काढतच नाहीत, आणि गुन्हेगार तिथेच सापडतो. राखेत बारीक तांबूस तंतू, काळी खपली : वायर. गोल गुंडाळी झालेल्या जाड पोलादी तारा : टायर. पांढरी मऊ राख आणि अर्धवट पानं : झाडलोट. प्लायवूडचे खिळे, सिमेंटच्या गोण्यांचे वितळलेले गोळे : बांधकाम. बाटल्या आणि वेफरच्या पुड्या : सांगायला नको.

सोबत वहीत चौदा दिवस फक्त दोन रकाने : दिसली ती वेळ, विझली ती वेळ. आग रोज रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान लागते हे दिसलं की तपासणीला त्या वेळी या असं मागता येतं. एक नमुना :

"सर्व्हे नं. …, विजेचा खांब क्र. … समोरील मोकळा भूखंड. आग्नेय कोपऱ्यात अंदाजे ६ फूट × ४ फूट ढीग, त्यात वायर, रबर, थर्माकोल. दि. २८ डिसेंबर ते १० जानेवारी या १४ दिवसांत ९ वेळा जाळला, दर वेळी रात्री ९ ते १० दरम्यान. मागणी : १) ढीग उचलणे, २) भूखंडधारकास नोटीस, ३) रात्री ९ ते १० मध्ये तपासणी, ४) दंड झाल्यास पावतीचा क्रमांक तक्रारदारास कळवणे."

चौथी मागणी विसरू नका. पावती क्रमांक मागितलेली तक्रार नुसती 'निकाली' काढता येत नाही.

आणि चेहरे टिपून गटावर टाकणं बंद करा. निम्म्या वेळा तो कुणाचातरी पोरगा निघतो आणि विषय धुरावरून भांडणावर जातो.

तांबेपितळ · ११ जानेवारी, ४:४०

वायरीच्या आगीमागचा व्यवहार सांगतो. जाड केबल कुणी जाळत नाही, ती ब्लेडने किंवा सोलायच्या मशीनने सरळ सोलते. जळते ती बारीक : चार्जर, इअरफोन, घरातलं जुनं वायरिंग, गाडीचं हार्नेस, म्हणजे आतल्या वायरींची जुडी. ती सोलायला हाताला वेळ फार लागतो. जाळलेल्या तांब्याला सोललेल्यापेक्षा भाव कमी येतो, कारण ते काळवंडतं आणि ठिसूळ होतं. तरी जाळतात, वेळ वाचतो म्हणून.

वरचं आवरण पीव्हीसीचं. जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डोळे-घसा चुरचुरतो तो त्यामुळे. शिवाय क्लोरीन, तांबं आणि २०० ते ४५० अंशांच्या आसपासचं तापमान एकत्र आलं की डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार व्हायला पोषक स्थिती. तांबं त्यात उत्प्रेरकाचं काम करतं. कचरा जाळणाऱ्या शास्त्रशुद्ध भट्टीत ८५० अंशांच्या वर किमान दोन सेकंद वायू धरून ठेवतात ते याचसाठी. प्लॉटवरच्या ढिगात ना ते तापमान, ना तो वेळ.

इलाज : जाळणाऱ्या पोराला पकडून उपयोग नाही, माल घेणाऱ्या दुकानाकडे बघा. जळकं तांबं दुकानात वेगळं पडलेलं असतं, ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला दुकानाची जागा आणि आगीच्या वेळा, दोन्ही एकाच अर्जात द्या. आणि सोसायटीने आपली ई-कचऱ्याची पेटी अधिकृत संकलकालाच द्यावी. फुकट नेतो म्हणून दारावरच्या फेरीवाल्याला दिली की तीच वायर महिन्याभराने समोरच्या प्लॉटवर पेटते.

पीएम अडीच · ११ जानेवारी, ६:०५

"शहराच्या हवेचा निर्देशांक 'मध्यम' दाखवतो, मग तुम्ही कशाला ओरडता?" असं ऐकवलं जातं, त्याचं गणित. निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर निघतो. समजा दिवसाचे २२ तास पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आणि आगीचे दोन तास ४००. सरासरी (२२×५० + २×४००) ÷ २४ = ७९. भारतीय मानक २४ तासांना ६०, म्हणजे ओलांडलं. पण निर्देशांकाच्या पट्टीत ६१ ते ९० ला 'मध्यम' म्हणतात. ते दोन तास कागदावर दिसतच नाहीत.

घरगुती लेझर सेन्सर लावणार असाल तर एक खोड लक्षात ठेवा : पहाटे आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तो धुक्याचे थेंबसुद्धा कण म्हणून मोजतो. म्हणून एकटा आकडा देऊ नका. आगीच्या आधीचा तास आणि आगीचा तास असे दोन्ही द्या. एक सेन्सर आगीच्या बाजूच्या खिडकीत, दुसरा इमारतीच्या पाठीमागे. दोघांतला फरक म्हणजे तुमची आग.

रोखठोक · ११ जानेवारी, ६:३०

हे सगळं ठीक. आग समोर लागलीय आणि रात्रीचे साडेनऊ झालेत. काय करायचं? बादली ओतायची?

पाण्याचा बंब · ११ जानेवारी, ८:१५

बादली ओतून बहुतेकदा नुसती वाफ आणि दुप्पट धूर होतो. ढिगाच्या वरच्या थरात प्लास्टिक वितळून साय धरलेली असते, पाणी तिच्यावरून ओघळून जातं आणि आतलं धुमसणं चालू राहतं. मातीचं तेच. वरून माती टाकली की ज्वाळा दिसेनाशी होते, आत निखारा दोन दिवससुद्धा राहतो. मुंबईच्या देवनार कचरा डेपोला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस हटला नाही, कारण ती आग पृष्ठभागावरची नव्हती, ढिगाच्या पोटातली होती.

छोटा ढीग, म्हणजे गुडघ्याइतका आणि हातगाडीएवढा, असेल तरच हात घाला. वाऱ्याकडे पाठ. लांब दांड्याच्या पंजाने ढीग पातळ पसरायचा, चार बोटांपेक्षा जाड थर ठेवायचा नाही, आणि मग झारीने किंवा पाइपच्या फवाऱ्याने भिजवायचा. पुन्हा उलथायचा, पुन्हा भिजवायचा. वाफ थांबली म्हणजे विझली असं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

हात घालायचा नाही अशा जागा : वर विजेच्या तारा, शेजारी डीपी किंवा फीडर पिलर, ढिगात डिओचे डबे किंवा मोबाईलच्या बॅटऱ्या (फटफट आवाज येतो), टायर. टायर बादलीने विझत नाही. तिथे १०१. भोवती माणसं दारू पिऊन बसली असतील तर ११२, आणि स्वतः जवळ जायचं नाही.

कलमबहाद्दर · ११ जानेवारी, ९:००

पिणाऱ्यांसाठी आगीचं कलम शोधत बसू नका. सार्वजनिक जागी दारू पिऊन धिंगाण्याला महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं ८५ आहे, असभ्य वर्तनाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११० आहे. बीट मार्शलला हे रोजचे वापरातले आकडे. ११२ ला फोन केलात की कॉलचा क्रमांक विचारून वहीत उतरवा. महिन्यात सहा कॉल क्रमांक जोडलेला अर्ज वरिष्ठ निरीक्षकांसमोर ठेवला की गस्तीच्या यादीत तो प्लॉट चढतो.

कोठीवरचा · ११ जानेवारी, ९:४०

गस्त महिनाभर टिकते. जागा बदलली तरच पुढे टिकतं. पुण्यात वारंवार कचरा पडणाऱ्या अशा ठिकाणांना 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. ढीग उचलल्यावर त्याच दिवशी काही केलं नाही तर तिसऱ्या दिवशी पहिली पिशवी येऊन पडते, आणि पहिल्या पिशवीनंतर दुसरी टाकायला कुणालाच लाज वाटत नाही. कुंड्या ठेवल्या तर चोरीला जातात. देवांच्या टाइल्स लावल्या तर कचरा तीन फूट पुढे सरकतो, देव तिथेच धुरात. कॅमेरा बसवला तर रात्री गाडीच्या नंबरप्लेटवर त्याचाच उजेड चमकून नुसता पांढरा ठिपका दिसतो. तो बाजूने, तिरपा आणि खाली लावावा लागतो, खांबाच्या टोकावर नाही.

चालतं ते कंटाळवाणं काम : टाकायच्या वेळेला, म्हणजे सकाळी साडेसहा ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा, तीन आठवडे रोज कुणीतरी तिथे उभं राहणं. जे टाकायला येतात त्यांना विचारायचं, तुमच्याकडे गाडी किती वाजता येते? अर्ध्या लोकांचं उत्तर 'आम्ही कामाला गेल्यावर' असंच येतं. मग गाडीची वेळ बदलून घ्या. उरलेले येतात ते टपऱ्या आणि केटरिंगवाले. त्यांच्यासाठी दंडाची पावती.

वाफ्यातली माती · १२ जानेवारी, ७:२०

पानांचा पिंजरा. मापं देते.

वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली ताठ लोखंडी जाळी, एक इंच भोकाची, ४ फूट उंच, १० फूट लांब पट्टी. गोल करून टोकं अर्धा फूट एकमेकांवर घ्या आणि बांधायच्या तारेने चार जागी आवळा. व्यास तीन फुटांचा होतो. कोंबड्यांची मऊ जाळी घेऊ नका, भरली की पोट सुटतं. पिंजरा मातीवर ठेवा, फरशीवर नको. तळाला अर्धा फूट काटक्या. वर फूटभर पानांचा थर, पायाने दाबून, त्यावर १० लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण कालवलेली स्लरी, शिवाय साधं पाणी आणखी १० लिटर. असं वरपर्यंत. पंधरा-वीस दिवसांनी जाळी उचलून बाजूला ठेवायची आणि वरचं खाली करून पुन्हा भरायचं. तीन ते पाच महिन्यांत खत.

मूठभर पानं पिळली तर एखादा थेंब यावा. धार लागली तर जास्त ओलं. मुंग्या झाल्या म्हणजे मध्ये कोरडं आहे. वास आला म्हणजे कुणीतरी उष्टं टाकलंय. आंबा, फणस, बदाम यांची पानं चिवट, ती चुरडून घाला. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं एकटी घातली की गच्च थर बसतो आणि हवा जात नाही. त्यात मोठी पानं मिसळा.

पिंजरा कोरडा ठेवलात तर तो कचऱ्यापेक्षा चांगला पेटतो, एवढं लक्षात असू द्या. मीटर रूमपासून आणि गाड्यांपासून लांब. पुण्यात जागा नसलेल्यांसाठी 'ब्राऊन लीफ' हा पानं देणाऱ्या-घेणाऱ्यांचा गट आहे. तिथे पोत्यांनी पानं नेणारे बागवाले सापडतात.

उसाचा फड · १२ जानेवारी, ८:४५

शहरवाल्यांनो, खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून घेतलेल्या उसात) पाचट, म्हणजे वाळलेली पानं, पेटवतात त्याचं काय? एकरी तीनचार टन जळतं. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट एकाआड एक सरीत दाबा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी सोडा. युरिया लागतो तो पाचटात नत्र कमी असल्यामुळे. नाही टाकला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात, खोडवा पिवळा पडतो, आणि मग 'पाचटाने पीक बसलं' म्हणत पुढच्या वर्षी काडी.

राखणदार · १२ जानेवारी, ९:३०

याला वेगळा धागा हवा, काढाल का? तोवर रखवालदारांचं राहिलं ते लिहितो. बाराबारा तास गेटवर बसणाऱ्याला शेकोटी लावू नको म्हणणं सोपं आहे. हजार वॅटचा हीटर सहा तास चालला तर सहा युनिट. ते बिल फ्लॅटांत वाटलं तर माणशी चहाचे पैसेही होत नाहीत. जाड जाकीट, कानटोपी, केबिनला वारा अडवणारं दार, आणि हीटरसाठी सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट, एक्स्टेन्शनवर नको. दार लावून आत कोळशाची शेगडी मात्र अजिबात देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

रोखठोक · १२ जानेवारी, १०:१०

मान्य. माहिती अधिकारात काय विचारायचं तेवढं सांगा, मग मी गप्प.

कलमबहाद्दर · १२ जानेवारी, ११:००

अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियम आहे. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका. 'का' ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा : गेल्या बारा महिन्यांत या क्षेत्रीय कार्यालयाने कचरा जाळल्याबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्यांच्या प्रती, महिनावार. गाडीच्या जीपीएस नोंदी आणि भूखंडधारकाला दिलेल्या नोटिसा हव्या असतील तर त्यांचे अर्ज वेगळे करा, नाहीतर 'एकापेक्षा जास्त विषय' म्हणून परत येईल. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप. पोच घेताना शिक्क्यावरची तारीख वाचता येतेय ना, ते तिथेच बघा.

रोखठोक · १२ जानेवारी, ११:२०

शिक्का पुसट असेल तर?

कलमबहाद्दर · १२ जानेवारी, ११:२५

बारनिशीतला (आवक-जावक नोंदवहीतला) आवक क्रमांक पेनने लिहून घ्या आणि सही मागा. देत नसतील तर स्पीड पोस्ट.